जुन्या नृत्यपटांचे खरे रंग

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. आजच्या भाषणाचा विषय मला त्या वादातूनच सुचला. सायंकाळी सारी मंडळी जमली होती. मुलांनी मोठ्या हौसेने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ लावला. आजोबांचा आवडता चित्रपट, म्हणून आजोबांना मधल्या खुर्चीवर बसविले. नृत्य सुरू झाले. चित्र अगदी स्वच्छ होते. त्यावर ओरखडा म्हणून दिसत नव्हता. मुले खूश झाली. पाचदहा मिनिटांनी वडील हळूच म्हणाले, “चित्रपट तोच आहे, पण हे रंग ते नव्हेत.”

धाकटा म्हणाला, “आजोबा, आपल्या जुन्या सीडीपेक्षा हे कितीतरी चांगले आहेत की!”

“चांगले असतील,” वडील म्हणाले, “पण ते नव्हेत.”

‘चांगले’ रंग आणि ‘ते’ रंग यांत जे अंतर आहे, त्याविषयी आज चार शब्द बोलावे असे मनात आहे. मी चित्रपटसृष्टीतली जाणकार नव्हे. इंटरपर्यंत शिकून शाळेत मुलांना शिकविणारी मी एक शिक्षिका. परंतु त्या सायंकाळपासून हा विषय मनात घर करून बसला, आणि जे वाचले, विचारले आणि घरी प्रत्यक्ष पाहिले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

वडिलांनी हा चित्रपट प्रथम पाहिला तो 1956 च्या उन्हाळ्यात. ते तेव्हा पंधरा वर्षांचे होते. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वसईहून सिकंदराबादेस आले आणि इथलेच झाले. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ची वाटणी अजून व्हावयाची होती. सुलतानबाजारातल्या चित्रगृहात मराठी, तेलुगू, उर्दू, कानडी अशा सर्व भाषांची माणसे शेजारी शेजारी बसलेली असत. नृत्याला भाषांतर लागत नाही. वडील सांगतात की, पहिले रंगीत दृश्य पडद्यावर आले तेव्हा थिएटरात कोणी टाळी वाजविली नाही की शीळ घातली नाही. लोक नुसते गप्प झाले. ज्यांनी आजवर सारे चित्रपट काळ्यापांढऱ्यात पाहिले होते, त्यांच्यापुढे एकाएकी रंगांचे ताट वाढले गेले होते.

ते ताट सहज वाढले गेले नव्हते. शांतारामांनी 1933 साली, प्रभातमध्ये असताना, ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचे धाडस केले होते. त्यासाठी ते जर्मनीपर्यंत गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि तो प्रयोग तेथेच राहिला. 1953 साली सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये आला, आणि 1955 साली शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’. पहिल्या अपयशानंतर बावीस वर्षे हा माणूस रंगांची वाट पाहत होता. कलादिग्दर्शनासाठी त्यांनी कनु देसाई यांच्यासारखा चित्रकार घेतला, संगीतासाठी वसंत देसाई, नृत्यासाठी गोपीकृष्ण आणि संध्या. कोणत्या ओढणीमागे कोणत्या रंगाची भिंत असावी, याचा विचार ज्या चित्रपटात स्वरांइतकाच झालेला असतो, त्याचा रंग ढळला तर गाणे बेसूर झाल्यासारखेच आहे. म्हणून हा प्रश्न नृत्यगीतांच्या चित्रपटांत इतर चित्रपटांपेक्षा अधिक बोचतो.

आता रंग ढळतो कसा, ते पाहू. आपल्यापैकी अनेकांनी मछलीपट्टणचे छापील कलमकारी कापड पाहिले असेल. त्यात प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो. एक ठसा उठवावयाचा, त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि तिन्ही एकमेकांवर अचूक बसले तर फूल नीट उमटते. टेक्निकलरची छपाई काहीशी अशीच असे. निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग एकामागून एक फितीवर उतरवीत. काम खर्चाचे आणि वेळखाऊ होते, परंतु हे रंग पक्के. अशी छापलेली जुनी प्रत नीट राहिली असेल, तर तिचे रंग आजही बहुतांशी जागेवर सापडतात.

दुसरी पद्धत ईस्टमनकलरची. ती 1950 नंतर जगभर पसरली, कारण ती स्वस्त आणि सोपी होती. एकाच फितीवर तीन थर, आणि रासायनिक प्रक्रियेत त्या थरांतच रंग तयार होतात. परंतु हे रंग कच्चे. उष्णता आणि दमट हवा त्यांना खाते. त्या काळच्या प्रतींत बहुधा निळसर रंग आधी जातो, पिवळाही फिका पडतो आणि किरमिजी तेवढा मागे राहतो. जुना रंगीत चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहताना आकाश गुलाबी, झाडे तांबूस आणि माणसांचे चेहरे ताप चढल्यासारखे दिसतात, ते यामुळे. फीत थंड आणि कोरड्या जागी ठेवली तर हा नाश मंदावतो. आपल्या देशात मात्र कितीतरी निगेटिव्ह पत्र्याच्या छपराखाली, डब्यांच्या उतरंडीत वर्षानुवर्षे पडून राहिल्या. असा डबा उघडला की आंबट वास येतो. ॲसिटेटची फीत कुजू लागली की तिच्यातून जे आम्ल सुटते, ते आपल्या शिरक्याचेच आम्ल असते.

अशा स्थितीत हे चित्रपट आपल्या घरात आले. माझ्या लहानपणी, म्हणजे साधारण 1990 च्या सुमारास, भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर कॅसेट पाहण्याची पद्धत होती. त्या कॅसेटी प्रतीवरून प्रत, आणि तिच्यावरून पुन्हा प्रत अशा काढलेल्या असत. लाल रंग साडीच्या काठाबाहेर सांडलेला दिसे. पुढे सीडी आल्या. व्हिडिओ सीडीवर एका आडव्या ओळीत फक्त 352 ठिपके मावतात. हल्ली ज्याला आपण ‘फोर-के’ म्हणतो, त्यात ते चार हजारांच्या घरात असतात. घुंगरांची रांग 352 ठिपक्यांत कशी मावणार? ती नुसती पिवळी रेघ दिसे. वडिलांसाठी पहिल्या पगारातून मी हाच चित्रपट सीडीवर आणला होता. त्यांनी तो मुकाट्याने पाहिला आणि “आवाज छान आहे,” एवढेच म्हणाले. आपल्या मुलीच्या भेटीला नावे ठेवणे त्यांच्या स्वभावात नाही. त्या एका वाक्याचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला.

आज परिस्थिती पालटली आहे. जुनी फीत धुऊन, तुटलेले भाग जोडून, तिचे एकेक चित्र यंत्राने टिपून घेतात. मग संगणकावर ओरखडे पुसतात, थरथर काढतात, आणि शेवटी रंग बसवितात. ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘द रेड शूज’ हा 1948 सालचा नृत्यपट याच वाटेने परत मिळाला. त्याच्या तीन रंगांच्या तीन निगेटिव्ह वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या होत्या, त्यांवर बुरशी चढली होती. ठसे एकमेकांवर बसेनात, म्हणून नर्तिकेच्या भोवती रंगांची झालर दिसे. कित्येक महिन्यांच्या कष्टांनी ती झालर काढली गेली आणि 2009 साली हा चित्रपट कान येथे पुन्हा दाखविला गेला. ‘सिंगिंग इन द रेन’ या 1952 सालच्या संगीतपटाचे मूळ निगेटिव्ह तर 1978 च्या आगीत जळाले. जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतींवरून तो उभा करावा लागला. आपल्याकडेही पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हे धन सांभाळीत आले. तरीही 2003 च्या जानेवारीत तेथील आगीत प्रभातच्या काळातल्या जुन्या नायट्रेट फिती गेल्याच. 2019 साली जुन्या चित्रपटांच्या जपणुकीचे शिक्षण देणारी एक कार्यशाळा आपल्या हैदराबादेतही भरली होती. शांतारामांचा 1972 सालचा ‘पिंजरा’ संस्कार होऊन 2016 मध्ये पुन्हा चित्रगृहांत आला, तेव्हा आमच्याकडच्या अनेक मराठी कुटुंबांनी तो पाहण्यासाठी नांदेड आणि सोलापूर गाठले.

परंतु ओरखडे काढणे आणि रंग बसविणे, या दोन कामांत एक मोठा फरक आहे. ओरखडा कोणता हे कोणालाही सांगता येते. खरा रंग कोणता, हे कोण सांगणार? यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ पंचवीस वर्षांचा असतो. त्याने तो चित्रपट चित्रगृहात पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असते ती उडालेल्या रंगाची फीत, आणि मनात असते आजच्या जाहिरातींची झगमग. गिऱ्हाईकाला आवडेल असा रंग तो चढवितो. तो फसवीत नाही. त्याला कोणी ‘ते’ रंग सांगितलेलेच नसतात.

येथे मला आपल्याच जुन्या संस्थानातील एक गोष्ट आठवते. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामांच्या राज्यात होती. चित्रांचा गिलावा भिंतीवरून सुटू लागला, म्हणून 1920 ते 1922 या काळात सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओरसिनी यांना बोलाविले. त्यांनी सुटता गिलावा पक्का केला. ते उपकार मानलेच पाहिजेत. परंतु चित्रे खुलून दिसावीत म्हणून त्यांवर लाखेचे व्हार्निशही दिले गेले. त्या दिवशी चित्रे नक्कीच उजळली असतील. पुढे तेच व्हार्निश पिवळे पडले, तपकिरी झाले, त्याला धूळ चिकटली आणि मूळ रंग त्याखाली दडले. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. आमच्या मुलांना मी दरसाल पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात नेते. तेथे अजिंठ्याच्या चित्रांच्या, चित्रकारांनी हातांनी काढलेल्या प्रती आहेत. मुलांना मी सांगते, या नुसत्या नकला समजू नका. या साक्षी आहेत. मूळ भिंत बदलली, तरी कोणे एके काळी कोणाला काय दिसले, ते या कागदांनी धरून ठेवले आहे.

नव्या तंत्राचा दुसरा मोह म्हणजे जे रंगीत नव्हतेच ते रंगविणे. ‘मुगल-ए-आझम’ 1960 साली आला तेव्हा त्याचा थोडाच भाग रंगीत होता. 2004 मध्ये तो संपूर्ण रंगवून दाखविला गेला. आपल्या शहराचा तर यात थेट संबंध आहे. के. व्ही. रेड्डी यांचा 1957 सालचा ‘मायाबझार’ हैदराबादच्याच गोल्डस्टोन कंपनीने रंगविला आणि 30 जानेवारी 2010 रोजी तो चित्रगृहांत आला. मी तो शाळेतल्या तेलुगू मैत्रिणींबरोबर पाहिला. घटोत्कचाच्या भूमिकेतले एस. व्ही. रंगाराव पडद्यावर येताच अवघे थिएटर हसले, लहान मुले खुर्चीत उभी राहिली. काळ्यापांढऱ्याला नाके मुरडणाऱ्या पिढीला या रंगांनी तो चित्रपट पुन्हा दिला, हे मी मान्य करीन. तरी त्यातले नौकाविहाराचे चांदणे पाहताना मनात आले, छायाचित्रकार मार्कस बार्टले यांनी हे चांदणे केवळ काळ्या आणि पांढऱ्यातून निर्माण केले होते. त्यांनी जे योजिलेच नव्हते, ते आपण त्यांच्या नावावर लिहीत आहोत. रंगविलेला चित्रपट जरूर पाहावा, पण त्याला दुसरी आवृत्ती म्हणावे, आणि पहिली आवृत्तीही दुकानात मिळत राहावी.

असो. आता पुन्हा आमच्या घरच्या वादाकडे येते, कारण त्याचा निकाल अजून सांगावयाचा राहिला आहे.

फेब्रुवारीत वडिलांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हैदराबादेत डोळ्यांविषयी बोलताना एल. व्ही. प्रसाद यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. ‘आलम आरा’ या 1931 सालच्या पहिल्या हिंदी बोलपटात काम केलेले हे गृहस्थ पुढे मोठे दिग्दर्शक आणि निर्माते झाले. येथील नेत्रसंस्थेला त्यांनी जागा आणि पैसा दिला आणि 1987 मध्ये ती उभी राहिली. त्यांच्याच प्रसाद कंपनीत आज जुन्या चित्रपटांवर संस्कार होतात. एकाच घराण्याने माणसाच्या डोळ्यांवरचा पडदा काढण्यास हात दिला, आणि चित्रपटाच्या डोळ्यांवरचाही. शांतारामांनाही हे दुःख ठाऊक होते. ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ सारा अंधार झाला. त्या अंधारात आपल्याला जे रंग दिसले त्यांतून ‘नवरंग’ हा 1959 सालचा चित्रपट जन्मला, असे त्यांनी स्वतःच त्या चित्रपटाच्या आरंभी सांगितले आहे.

पट्टी निघाल्यावर वडिलांनी भिंतीकडे पाहिले आणि विचारले, “चुना कधी दिला?” चुना दिलेला नव्हता. मोतीबिंदूने भिंगाला पिवळेपण येते आणि निळा रंग आत पोचत नाही. ते पिवळे भिंग गेले होते. आठवड्याने त्यांनी स्वतःहून तोच चित्रपट लावावयास सांगितला. डावा डोळा झाकून पाहिले, मग उजवा झाकून पाहिले. मुलांना तो खेळ वाटला. शेवटी ते म्हणाले, “निळ्याबद्दल मी उगाच बोललो होतो. तो दोष माझ्या डोळ्याचा. पण चेहरे अजून तांबडेच आहेत.”

तेव्हा धाकट्याने आणखी एक शोध लावला. आमच्या दूरचित्रवाणी संचावर चित्राची जी ठेवण होती, ती दुकानात गिऱ्हाईकाचे लक्ष वेधावे म्हणून केलेली भडक ठेवण होती. विकत आणल्यापासून ती कोणी बदललीच नव्हती. त्याने ती साधी केली. चेहरे बरेचसे निवळले. वडिलांनी मान डोलावली, पण पूर्ण नाही. जो थोडा तांबूसपणा उरला, तो मात्र प्रत तयार करणाऱ्यांचा, असे आम्ही सर्वांनी ठरविले.

श्रोतेहो, या घरगुती प्रयोगातून मला एक गोष्ट समजली. खऱ्या रंगाला एकच साक्षीदार पुरत नाही. पाहणाऱ्याचा डोळा म्हातारा होतो, आठवण रंग बदलते, यंत्र भडकपणाकडे झुकते, फीत फिकी पडते. प्रत्येक साक्षीत खोट आहे. तरीही साऱ्या साक्षी एकत्र ठेवल्या, तर खोटे काय ते पुष्कळसे गळून पडते. टेक्निकलरची एखादी जुनी प्रत, त्या वेळची छापील पुस्तिका, कोणी जपलेला पोशाख, आणि तो चित्रपट चित्रगृहात पाहिलेली माणसे. यांतल्या वस्तू कपाटात थांबतील. माणसे थांबणार नाहीत. 1955 साली जो पंधरा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. आपण काहीही केले नाही तरी ही साक्ष आपोआप बंद होणार आहे.

म्हणून तीन साध्या विनंत्या करते. पहिली, जुना चित्रपट पाहण्यापूर्वी आपल्या संचावरची भडक ठेवण बदलून साधी करावी. त्याला पैसा लागत नाही. दुसरी, जे हे चित्रपट विकतात त्यांनी ही प्रत कशावरून काढली, मूळ निगेटिव्हवरून की वापरून झिजलेल्या प्रतीवरून, आणि रंग कोणाच्या सल्ल्याने बसविले, हे वेष्टनावर छापावे. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते आपण वाचतो. येथे मागितले तर गैर काय? तिसरी, घरात वडीलधारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून चित्रपट पाहावा, आणि ते काय म्हणते ते लिहून ठेवावे. पुण्याच्या संग्रहालयाला किंवा एखाद्या अभ्यासकाला ते कागद उद्या उपयोगी पडतील.

आमच्या घरी शाळेची एक दोनशे पानी वही मी यासाठी काढली आहे. वरच्या बाजूस तारीख, आणि त्याखाली ‘उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, डाव्याची बाकी’ अशी नोंद केली आहे. साक्षीदाराची स्थिती ठाऊक असलेली बरी. मग वडील सांगतात आणि मी लिहिते. कधी ते म्हणतात, “हा हिरवा असाच होता.” कधी म्हणतात, “हा आठवत नाही, सोडून दे.” हे दुसरे वाक्यही मी लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात डावा डोळा व्हावयाचा आहे. त्यानंतर चित्रपट पहिल्यापासून पुन्हा पाहावयाचा, असे त्यांनी आत्ताच बजावून ठेवले आहे.